वरचे दात

आमच्या भावोजींना ताईने लग्न झाल्या झाल्या एक नाव ठेवलं होतं : काळजीवाहू. सरकार पडलं की मधल्या काळापुरतं नेमतात तसे नव्हेत, हे कायमचे काळजीवाहू. गॅस बंद केलाय का हे बघायला ते अर्ध्या वाटेतून परत येत, आणि आलोच आहोत तर म्हणून नळही बघून घेत. कुलूप लावलं की ओढून बघत, मग ओढण्याने सैल तर झालं नाही ना म्हणून पुन्हा ओढत. ताई तोवर कोपऱ्यावर पोचलेली असे. तिथूनच म्हणे, "तुमचं चालू द्या, मी तोवर म्हातारी होते."

म्हातारी व्हायचं तेवढं तिला जमलं नाही. साधा ताप म्हणून दवाखान्यात गेली आणि परत आली नाही. ज्या माणसाने आयुष्यभर सगळ्या गोष्टींची काळजी केली, त्याला हीच एक करायची सुचली नव्हती.

भावोजी कवळ्या बनवतात. दात काढायचं काम दवाखान्यातल्या डॉक्टरांचं. त्यांच्याकडून तोंडाचे ठसे येतात, भावोजी त्यात प्लास्टर ओतून जबडा करतात, जबड्यावर मेणाची हिरडी चढवतात आणि त्या मेणात एकेक दात बसवतात. मग सगळं साच्यात दाबून उकळत्या पाण्यात धरतात. मेण वितळून वाहून जातं, आणि मेण होतं त्या पोकळीत खरी गुलाबी हिरडी भरली जाते. "आधी खोटं काढायचं, मगच त्या जागी खरं भरता येतं," असं ते नव्या माणसाला समजावत. मी हे इतक्यांदा ऐकलंय की झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन. पुढे याच वाक्याने घात केला म्हणून आधीच सांगून ठेवते.

तळमजल्यावर पुढच्या खोलीत त्यांची लॅब, मागच्या खोलीत ते राहतात. वरच्या मजल्यावर आई आणि मी. लॅबमध्ये कुठेही हात लावा, बोटाला पांढरी पूड लागते. दाराची मूठ, टेलिफोन, चहाचे कप, सगळं पीठ चाळल्यासारखं. घासायच्या यंत्राची घरघर आमच्या जमिनीतून वर येते, आणि ती थांबली की आई म्हणते, "जावई चहाला थांबले वाटतं." ताई होती तेव्हा लॅबमधलं कॉम्प्युटरचं काम तिचं. भावोजींचा हात मेणात असायचा, हिचा माउसवर.

जबडा आत ठेवला की निळ्या उजेडात फिरवून फिरवून त्याचं चित्र घेणारं यंत्र आलं, तेव्हा पहिला जबडा कुणाचा ठेवायचा असा प्रश्न पडला. गिऱ्हाइकाचा ठेवायला भावोजी धजेनात. ताई म्हणाली, "माझा ठेवा. बिघडला तर घरातल्या घरात." मग भावोजींनी तिच्या तोंडाचा ठसा घेतला, प्लास्टर ओतलं आणि यंत्रात ठेवलं. पडद्यावर ताईचे वरचे दात उगवले. माउसने हवे तसे फिरवता येत, खालून बघता येत, जवळ आणता येत. ती फाइल ताईने स्वतःच 'नमुना' या नावाने ठेवली. पुढे प्लास्टरच्या जबड्यांनी फळ्या वाकायला लागल्या, तेव्हा चित्र घेतलेले सगळे जुने जबडे तिनेच फेकून दिले. त्यात तिचाही गेला. तेव्हा कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

आता ताईच्या दाताबद्दल सांगायला हवं. डाव्या सुळ्याच्या अलीकडचा तिचा दात शेजारच्या दातावर किंचित चढलेला होता, गर्दीत कुणी खांदा पुढे काढावा तसा. शाळेत तिला त्यावरून चिडवलं असणार, कारण त्यानंतर तिने फोटोत कधी ओठ उघडले नाहीत. घरातला एकूण एक फोटो बघा, लग्नाचा धरून : ओठ मिटलेले, नाहीतर तोंडावर हात. कवळीवाल्याची बायको आणि वाकडा दात, म्हणून डॉक्टर मंडळी भावोजींची थट्टा करत, सरळ करून घ्या म्हणत. भावोजी म्हणत, "इतका बरोबर वाकडा मला बसवता येणार नाही. राहू दे." बोलून चालून काळजीवाहू माणूस, पण या एका बाबतीत त्यांनी जरासुद्धा काळजी केली नाही.

म्हणजे ताई गेल्यावर तिचं हसू फक्त एका ठिकाणी उरलं होतं : 'नमुना' नावाच्या फाइलमध्ये. भावोजी ती उघडून बघत नसत. बघवत नसे. रोज सकाळी कॉम्प्युटर चालू केला की नाव जागेवर आहे एवढं बघायचे, गॅसचं बटण बघावं तसं, आणि कामाला लागायचे.

पुढे कॉम्प्युटर म्हातारा झाला. एक जबडा उघडायचा तर तोवर चहा होऊन जाई. माझी भाची, म्हणजे त्यांची मुलगी, दुसऱ्या शहरात नोकरी करते. सुट्टीला आली तेव्हा तिने बसून सगळं लावून दिलं. ताईने तिच्या हयातीत स्वतःच्या नावाने इंटरनेटवर जागा घेऊन ठेवलेली होतीच. त्यातच सगळ्या फाइली ठेवल्या, आणि मग 'जागा मोकळी करा' असं काहीतरी दाबलं. कॉम्प्युटर एकदम तरुण झाला. भाची खुशीत म्हणाली, "बाबा, आईचं सगळं वर गेलं बघा."

भावोजींचा चेहरा असा उतरला की पोरीने जीभ चावली. पण बोलून झालं होतं. त्या दिवसापासून भावोजींनी 'वर' हा शब्दच टाकला. आमच्या मजल्यालाही ते 'तुमच्याकडे' म्हणतात. डॉक्टरांकडे कामाला असलेली मुलगी फोनवर विचारायची, फाइल वर गेली का, तर हे उत्तर देत, "पोचवली आहे." मला हसू यायचं आणि हसल्याबद्दल स्वतःचा रागही यायचा.

मग एका सकाळी रस्ता खणणाऱ्यांनी केबल तोडली आणि आख्ख्या गल्लीचं इंटरनेट गेलं. मी शाळेत निघाले होते, तेवढ्यात भावोजी जिन्यात उभे. तोंडचं पाणी पळालेलं.

"उघडत नाही," ते म्हणाले.

"काय उघडत नाही?"

"काहीच. डॉक्टरांची फाइल उघडेना, म्हणून म्हटलं बघावं, तर नमुनासुद्धा उघडेना. नाव आहे. आत काही नाही."

मी खाली गेले. फाइलींच्या नावांपुढे काहींना हिरवी टिकली होती, बहुतेकांना लहानसा ढग. ताईच्या नमुन्यापुढे ढग होता. मी शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे ढगांतलं मला कळतं असा माझा समज होता. तो तिथल्या तिथे गेला. भाचीला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"मावशी, ढग म्हणजे फाइल इथे नाही, इंटरनेटवर आहे. इथे नुसतं नाव दिसतं. टिकली म्हणजे इथे आहे. बाबांना सांग घाबरू नका. नेट आलं की माउसचं उजवं बटण दाबायचं आणि 'नेहमी या उपकरणावर ठेवा' निवडायचं. मग ती इथेच राहील, नेट असो नसो."

"म्हणजे इतके दिवस मी रोज नुसतं नाव बघत होतो?" भावोजींनी विचारलं.

केबल जोडायला लागला वेळ, आणि तेवढा वेळ भावोजी धड जेवले नाहीत. रस्त्यावर जाऊन खड्ड्याशी उभे राहत. कामगारांना विचारत, मग ते चिडतील आणि मुद्दाम उशीर करतील म्हणून विचारणं बंद करत, मग आपण विचारत नाही म्हणून ते ढिले पडतील अशा भीतीने पुन्हा विचारत. मी म्हटलं, "अहो, फाइल कुठे पळून चाललीय?" ते म्हणाले, "तिलाही आपण असंच म्हटलं होतं. साधा ताप आहे, कुठे पळून चाललाय."

नेट आलं. भावोजींनी एकट्या नमुन्यावर समाधान मानलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण घाबरलेल्या माणसाला सगळंच वाचवायचं असतं. त्यांनी फाइलींच्या आख्ख्या कपाटालाच 'नेहमी या उपकरणावर ठेवा' सांगितलं. गावभरचे जबडे, मधल्या काळात वाढलेले धरून, उतरायला लागले. कुणाकुणाच्या दाढा टिकल्या लावून आत आल्या, आणि ताईची पाळी यायच्या आत कॉम्प्युटर भरला. 'जागा अपुरी' अशी पाटी आली. नमुन्यापुढे दोन बाण गोल फिरत राहिले, मग तेही थांबले.

मी शाळेत होते. लॅबमध्ये ते एकटेच होते, आणि त्यांनी मुलीला फोन केला नाही, कारण ती कामात असेल आणि आपल्या फोनने ओरडा खाईल ही आणखी एक काळजी. ते बसून विचार करत राहिले. आणि आयुष्यभर ज्या पद्धतीने विचार केला त्याच पद्धतीने केला. पुढे त्यांनीच मला सांगितलं : समोर दिसतंय ते खरं नाही, नुसता आकार आहे. खरं यायला तयार आहे पण जागा नाही. म्हणजे हे मेण आहे. मेण साच्यात बसलंय म्हणून खरं आत शिरत नाही. आधी खोटं काढायचं.

त्यांनी नमुना पुसला. पडद्यावर कसलीशी चौकट आली, लांबलचक. पडद्यावर काही आलं की भावोजींना ते जाईपर्यंत दम धरवत नाही. त्यांनी न वाचता 'हो' दाबलं. मग हात पुसून, मोकळ्या झालेल्या जागेकडे बघत, खरं यायची वाट बघत बसले.

मी आले तेव्हा ते तसेच बसले होते. "अजून येतंय," म्हणाले. मी पुन्हा भाचीला फोन लावला आणि त्यांना बोलायला दिलं. काय केलं ते त्यांनी सगळं सांगितलं. मग ती इतक्या हळू बोलली की मला कान लावावा लागला.

"बाबा, ते मेण नव्हतं. ते दार होतं. इथून काढलं की वरूनही जातं. चौकटीत तेच लिहिलेलं असतं."

भावोजींची दातखीळ बसली. मी कचऱ्याची पेटी उघडून बघितली, रिकामी. जे इथे नव्हतंच ते इथल्या कचऱ्यात सापडणार कुठून, असं भाची म्हणाली. कचरा वर असतो. काही दिवस ठेवतात, मग तोही पुसतात. तो उघडायला ताईच्या नावाने आत शिरायचं, आणि त्यासाठीचे आकडे ताईच्या फोनवर येणार. ताईचा नंबर आम्ही सगळ्यांनी मिळून बंद करून टाकला होता. तरी भावोजींनी तो फिरवला. पाठ होता. मी शेजारीच होते, पलीकडची बाई मलाही ऐकू आली. हा क्रमांक अस्तित्वात नाही, असं ती गोड आवाजात दोन भाषांत म्हणाली.

भाचीने त्या कंपनीला अर्ज केला. ताईचा मृत्यूचा दाखला जोडला, नातं लिहून कळवलं. उत्तर आलं की अर्ज मिळाला. त्यापुढे काही आलं नाही. वरचा कचरा कधी पुसतील ते नक्की कुणी सांगेना, आणि भावोजींचा जीव टांगणीला लागला. घासायच्या यंत्राची घरघर बंद पडली. डॉक्टरांची माणसं येऊन रिकाम्या हाताने जाऊ लागली. ते खुर्चीत बसून पडद्याकडे बघत, दर थोड्या वेळाने एक बटण दाबत, न जाणो मधल्या वेळात काही आलं असेल. मी त्यांना रागावले, समजावलं, चहा पुढे ठेवला. चहावर साय धरली. खरं सांगायचं तर मलाही भीती वाटत होती. हा माणूस आता अंथरूण धरतो की काय असं वाटायचं, आणि मनातल्या मनात ताईलाच विचारायचे, मी काय करू गं यांचं.

आईला यातलं काही सांगितलं नव्हतं. थोरलीचं नाव काढलं की ती दिवसभर पाणीसुद्धा पीत नाही. पण जमिनीतून घरघर येईना, तसं तिच्या लक्षात आलंच. त्यात तिची कवळी टोचायला लागली. त्या कवळीचीही एक कथा आहे. भावोजींनी सासूबाई म्हणून पहिली कवळी केली ती एकसारख्या, मोत्यासारख्या दातांची. आईने आरशात बघितलं आणि विचारलं, "ही कोण बाई?" काढून वाटीत टाकली ती पुन्हा घातली नाही. दुसरी कवळी भावोजी आणि ताई दोघांनी मिळून केली. काय केलं कोण जाणे, आईने ती घातली, जीभ फिरवली आणि म्हणाली, "हं. ही माझी." तेव्हापासून ती तिच्या तोंडात आहे. मी तिच्याकडे रोज बघते. रोज बघतो तेच माणसाला दिसत नाही.

तर आई जिना उतरून लॅबमध्ये आली. या वयात ती सहसा उतरत नाही.

"जावईबापू, तुम्ही आजारी का?"

"नाही आई."

"मग ही बघा. इथे टोचतेय. जेवताना जीव जातो." आणि तिने सरळ कवळी काढून त्यांच्या हातावर ठेवली.

हातात कवळी आली की त्यांचा हात आपोआप काम करतो. मन कुठे का असेना, अंगठा हिरडीच्या कडेवरून फिरायला लागला. टोचणारी जागा सापडली. मग अंगठा पुढे आला, पुढच्या दातांवर, आणि डाव्या सुळ्याच्या अलीकडे थांबला. तिथेच पुन्हा मागे गेला, पुन्हा पुढे आला.

"काय झालं?" मी विचारलं.

त्यांनी दिवा ओढला आणि कवळी उजेडात धरली. मी वाकून बघितलं. तो दात शेजारच्या दातावर किंचित चढलेला होता.

"तिनेच सांगितलं होतं," भावोजी म्हणाले. "आईंना ओळखीचे दात हवेत, माझे लावा, मी आईवरच गेलेय. नमुन्यावरूनच केले होते. आकार तोच, ठेवण तीच, वाकडेपणा तोच. मी विसरूनच गेलो. तेव्हा ते नुसतं काम होतं गं."

मी खुर्ची ओढून बसले. आई ओठ आत ओढून आमच्याकडे आळीपाळीने बघत होती. दातांशिवाय तिचे शब्द वाऱ्यासारखे सुटत. "टोचतंय म्हटलं तर दोघं दिव्याखाली काय शोधताय?"

"आई, थोडा वेळ मला द्या ही," भावोजी म्हणाले.

त्यांनी कवळी धुतली, पुसली. चकाकणारं यंत्राला दिसत नाही म्हणून तिच्यावर पांढरी पूड फवारली. निळा उजेड फिरायला लागला. मी भावोजींकडे बघत नव्हते, त्यांचा श्वास ऐकत होते. पडद्यावर आधी टाळू आली, मग दाढा, आणि मग एकेक करून पुढचे दात. वापराने कडा जरा झिजल्या होत्या. पण खांदा पुढे काढून तो उभा होता. ताई हसली असं मी म्हणणार नाही. पण ती जशी हसायची ते मला इतकं स्वच्छ आठवलं की मी तोंडावर हात धरला, अगदी तिच्यासारखा.

जागा करायला या वेळी मुलीला फोन केला. तिने एकेक पायरी सांगितली, त्यांनी एकेक वाचून दाबली. चौकटी आल्या तर मोठ्याने वाचून दाखवत, पलीकडून 'हो' ऐकल्याशिवाय बोट हलवत नसत. शेवटी नावापुढे हिरवी टिकली आली. मग त्यांनी केबल उपटली आणि नेट नसताना फाइल उघडून बघितली. उघडली. केबल लावली, पुन्हा उपटली, पुन्हा उघडली. त्यांचं कुलूप ओढून बघणं चालू होतं.

हे सगळं होईपर्यंत आई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून होती. बोळक्या तोंडाने तिने विचारलं, "झालं असेल तर माझे दात द्या."

भावोजींनी टोचणारी कड घासली. कितीतरी दिवसांनी घरात ती घरघर झाली. कवळी धुऊन त्यांनी दोन्ही हातांत धरली आणि तिच्यापुढे उभे राहिले.

"आई, तुम्हाला सांगायचं राहून गेलं. हे दात तुमच्या थोरलीचे आहेत. म्हणजे, तिच्यावरून केलेत."

मला वाटलं, आता ही पाणी पिणंसुद्धा सोडणार. आईने कवळी घेतली. बराच वेळ बघितली, मग तोंडात बसवली. जीभ डावीकडे गेली आणि तिथेच राहिली.

"टोचत नाही ना?" भावोजींनी विचारलं.

"नाही." मग ती म्हणाली, "कडक काही खात नाही मी आता. पण एक लक्षात ठेवा. मी वर जाईन, तेव्हा ही माझ्यासोबत पाठवू नका. काढून घ्या आणि इथे ठेवा. गडबडीत विसराल."

'वर' शब्द खोलीत तसाच उभा राहिला. भावोजींनी तो टाळला नाही, दुसऱ्या शब्दाने झाकला नाही. त्यांनी आईचं बोलणं पुरतं ऐकून घेतलं, तिच्या तोंडाकडे नीट बघितलं, आणि मग हो म्हणाले.